ऑगस्टमध्ये गेमवर बंदी, सप्टेंबरमध्ये गेमला कोट्यवधी : नवी मुंबईचं 'गेमिंग कॉलेज' निवडताना तालुक्यातल्या घरांनी काय पाहावं?

2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. पुढच्याच महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स आणि गेमिंग उद्योगासाठी 3,268 कोटी रुपयांच्या धोरणाला मंजुरी दिली. मंत्रालयात या दोन फायली वेगवेगळ्या असतील. उरण, कर्जत, पेण, माणगावच्या घरांत मात्र त्या एकमेकींवर आदळल्या. सरकार गेम बंद करतंय की वाढवतंय? आणि बारावी झालेला पोरगा 'मला गेम डेव्हलपर व्हायचंय, नवी मुंबईत कॉलेज आहे' म्हणत असेल, तर आईबापाने नेमकं काय समजायचं?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'गेमिंग'चं नाव लावलेल्या खासगी अभ्यासक्रमांची फी बहुतेक ठिकाणी वर्षाला लाखांत आहे आणि शिक्षण तीन-चार वर्षांचं. त्यावर वसतिगृह किंवा भाड्याची खोली, मेस, आणि ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप. इतकी रक्कम तालुक्यातल्या घरात पगारातून उभी राहत नाही. ती साडेबारा टक्क्याच्या प्लॉटमधून येते, भातशेतीचा तुकडा विकून येते, नाहीतर कर्जाने. म्हणजे इथे नुसतं कॉलेज निवडलं जात नाही, घरातला एकुलता एक मोठा पैसा कुठे लावायचा ते ठरतं.

गेम म्हणजे कुठला गेम?

आधी गोंधळ मिटवायला हवा. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची सही होऊन जो कायदा झाला, तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमपुरता आहे. रमी, पोकर, पैशांची फँटसी टीम, हे सगळं त्यात आलं. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. उलट ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायच्या गेमना प्रोत्साहन देण्याची भाषा त्याच कायद्यात आहे. राज्याचं धोरण या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

गावात मात्र 'गेम' म्हटलं की मोबाइलवर रमी खेळून कर्जात बुडालेला कुणीतरी आठवतो. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात तर थेट विधिमंडळातल्या रमीच्या व्हिडिओवरून गदारोळ झाला. त्यामुळे लोकांच्या मनात गेम आणि जुगार एकच झाले, यात लोकांचा दोष नाही. इतकी वर्षं जाहिराती त्यांच्याच होत्या.

एक गोष्ट मात्र लपवण्यात अर्थ नाही. बंदी आली तेव्हा ड्रीम11, एमपीएल यांसारख्या कंपन्यांचा मुख्य धंदा एका आठवड्यात थांबला आणि एमपीएलसारख्या कंपनीने निम्म्याहून जास्त माणसं कमी केली. तिथे काम करणारे प्रोग्रामर, डिझायनर, टेस्टर हे जुगारी नव्हते. तेही कुठल्या तरी कॉलेजातून शिकून आलेले होते. भारतात 'गेमिंग'च्या पगारी नोकऱ्यांचा एक मोठा वाटा याच कंपन्यांत होता. त्यामुळे एखाद्या संस्थेच्या जुन्या ब्रोशरमध्ये 'आमची मुलं इथे लागली' म्हणून अशा कंपन्यांची नावं असतील, तर ती यादी आज तशीच धरता येणार नाही.

घराघरात पोचलेला गेम नवी मुंबईचाच

2020 च्या लॉकडाउनमध्ये मोबाइलवर लुडो खेळला नाही असं घर शोधून सापडणार नाही. तो 'लुडो किंग' बनवणारी गेमेशन टेक्नॉलॉजीज ही कंपनी नवी मुंबईची. अमेरिकेतली नव्हे, चीनमधली नव्हे, बेंगळुरूचीही नव्हे. तिचे संस्थापक विकास जयस्वाल मूळचे पाटण्याचे. संगणक अभियांत्रिकी शिकताना त्यांनी स्वतःच एक छोटा गेम करून पाहिला, मग मुंबईत 'इंडियागेम्स'मध्ये नोकरी केली आणि 2010 मध्ये लहानशा टीमवर स्वतःची कंपनी काढली. लुडो किंग आला 2016 मध्ये. दहा कोटी डाउनलोडचा टप्पा ओलांडणारा पहिला भारतीय गेम अशी त्याची ओळख झाली. त्याची कमाई जाहिरातींतून आणि गेममधल्या किरकोळ खरेदीतून येते. पैसे लावण्याचा त्यात संबंध नाही.

आता यात कॉलेज कुठे आहे ते पाहा. जयस्वाल यांच्या पदवीवर 'गेमिंग' हा शब्द नव्हता. साधं संगणक अभियांत्रिकी, त्याच्या जोडीला स्वतः केलेला एक गेम, मग नोकरीत शिकलेली कारागिरी. असं एका माणसाचं झालं म्हणून सगळ्यांचं होईल असं नाही. अशा यशाच्या गोष्टी समुपदेशनाच्या टेबलावर रोज सांगितल्या जातात आणि त्यातला अपयशी निम्मा भाग गाळलेला असतो. तरीही भारतातल्या गेम प्रोग्रामरांचा मोठा भाग याच रस्त्याने आलेला आहे, आणि हा रस्ता रायगडच्या मुलासाठी सर्वांत स्वस्त आहे.

पाटीवर काय लिहिलंय आणि पदवीवर काय येणार

वाशी ते पनवेल हार्बरच्या पट्ट्यात 'गेम डिझाइन', 'गेम आर्ट', 'एआर-व्हीआर' या शब्दांच्या पाट्या वाढल्या आहेत. बाहेरून सगळ्या सारख्या दिसतात. आत शिरल्यावर तीन अगदी वेगळे प्रकार निघतात.

पहिली नेहमीची अभियांत्रिकी कॉलेजं. नेरुळचं तेरणा किंवा एसआयईएस, वाशीचं फादर अ‍ॅग्नेल, नवीन पनवेलचं पिल्लई, आणि जिल्ह्यातच माणगाव तालुक्यात लोणेरेचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. इथे 'गेमिंग'ची पाटी नसते. संगणक किंवा आयटी शाखा असते, प्रवेश सीईटी आणि कॅप राउंडमधून होतो. दुसरी खासगी विद्यापीठं, जशी भाताणचं अ‍ॅमिटी किंवा खारघरचं आयटीएम स्किल्स. खासगी विद्यापीठांना कायद्याने स्वतःची पदवी देता येते, ते ठरवतील तशा नावाचे अभ्यासक्रम काढता येतात आणि फीही त्यांची वेगळी असते. तिसऱ्या प्रकारात येतात दुकानाच्या गाळ्यात किंवा व्यापारी संकुलाच्या मजल्यावर चालणाऱ्या संस्था. त्या डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट देतात. बऱ्याचशा मोठ्या ब्रँडच्या फ्रँचायझी असतात. काही ठिकाणी शिकवणारे खरोखर चांगले असतात, हेही खरं.

भानगड होते ती तिसऱ्याने दुसऱ्याचं सोंग घेतलं की. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्याचं कलम 22 स्पष्ट आहे : पदवी फक्त विद्यापीठ देऊ शकतं. क्लासवाला 'आमच्याकडे बी.एस्सी. गेमिंग मिळेल' म्हणाला, तर ती पदवी कुणाची हे विचारायलाच हवं. पुष्कळदा उत्तर येतं, 'काका, डिग्री अमुक राज्यातल्या युनिव्हर्सिटीची, ट्रेनिंग आमचं.' पण फ्रँचायझी पद्धतीने पदवी चालवायला यूजीसीची परवानगी नाही. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी असेल तर ते विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत असावा लागतो. ती यादी मोबाइलवर कुणालाही पाहता येते. पाच मिनिटांचं काम आहे, पण पहिला हप्ता भरण्याच्या आधी करायचं.

सर्टिफिकेट वाईटच असं नाही. गेम स्टुडिओ बहुतेक वेळा पदवी बघतही नाहीत, काम बघतात. मग पदवीचा एवढा आग्रह का? कारण मुलगा स्टुडिओत लागला नाही तर काय, याचं उत्तर पदवीत आहे. बँकेची परीक्षा, स्पर्धा परीक्षा, एमसीए, परदेशातलं पुढचं शिक्षण, साधी आयटीतली नोकरी, या सगळ्या दारांवर पदवी मागतात. मुंबईतल्या सुस्थितीतल्या घरातला मुलगा दोन वर्षं वाया घालवून परत सुरुवात करू शकतो. प्लॉट विकून शिकणाऱ्याला ती सोय नाही.

फी सवलत : इथेच सगळ्यात मोठा फरक

शहरी तज्ज्ञ गेमिंग कॉलेजांची तुलना करतात तेव्हा प्रयोगशाळा, प्राध्यापक, प्लेसमेंट याबद्दल बोलतात. तालुक्यातल्या घराचं गणित त्याआधी सुरू होतं.

कॅप राउंडमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरतं. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर प्रवर्गांच्या योजना याहून वेगळ्या, काहींत पूर्ण शुल्क मिळतं. मुलींसाठी तर 2024-25 पासून मोठा बदल झाला. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. अर्ज महाडीबीटीवर.

पण ही माफी खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठांना लागू नाही. क्लासच्या डिप्लोमाला तर प्रश्नच नाही. नेरुळचं रामराव आदिक अनेकांना जुन्या ओळखीचं अभियांत्रिकी कॉलेज वाटतं, ते आता डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाच्या छत्राखाली आहे. अशा ठिकाणी 'आमच्या शेजारच्या ताईला सवलत मिळाली होती' या ऐकीव माहितीवर न जाता कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात स्वतः विचारून घ्यावं.

म्हणजे रोह्याची एखादी मुलगी लोणेरेला किंवा नवी मुंबईतल्या कॅपमधल्या कॉलेजला संगणक अभियांत्रिकी घेते तेव्हा तिच्या घराला मुख्यतः राहण्याखाण्याचा खर्च येतो. तीच मुलगी गेमिंगचं नाव असलेल्या खासगी अभ्यासक्रमाला गेली तर पूर्ण फी अंगावर. पाटीवरच्या एका शब्दासाठी घर काही लाखांची सवलत सोडतं, आणि हे बहुतेकांना प्रवेशानंतर कळतं. बीसीएचंही तसंच. 2024 पासून राज्यात बीसीएला सीईटी आली, तर काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदललं. नाव बदललेल्या अभ्यासक्रमाला कुठली योजना लागू होते, हे लेखी घ्यावं.

कर्जाचंही यातच आलं. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागत नाहीत, पण संस्था आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असावा लागतो. क्लासवाला ज्या 'ईएमआय'ची गोष्ट करतो ते बहुधा एखाद्या फायनान्स कंपनीचं वैयक्तिक कर्ज असतं. संस्था बंद पडली तरी हप्ता चालू राहतो.

पुण्यात घडलेलं

संस्था बंद पडते का? पडते. आणि साधीसुधी नव्हे. 2008 च्या सुमारास पुण्याजवळ फुरसुंगीत डीएसके सुपइन्फोकॉम नावाचा कॅम्पस सुरू झाला. फ्रान्समधल्या नावाजलेल्या ॲनिमेशन आणि गेम शिक्षणसंस्थेशी सहकार्य होतं, प्राध्यापक बाहेरून येत, गेम डिझाइनचा लांब पल्ल्याचा अभ्यासक्रम होता. देशात तेव्हा असं दुसरं काही फारसं नव्हतं आणि तिथून शिकलेले अनेक जण आज या क्षेत्रात आहेत. म्हणजे शिक्षण खोटं नव्हतं. पण कॅम्पस एका बांधकाम समूहाच्या पैशावर उभा होता. त्या समूहाचा डोलारा कोसळला, फेब्रुवारी 2018 मध्ये डी. एस. कुलकर्णींना ठेवीदारांच्या प्रकरणात अटक झाली, आणि ती झळ शिक्षणसंस्थेपर्यंत पोचून तिचाही कारभार कोलमडला.

याचा अर्थ नवी मुंबईतल्या नव्या संस्थांवर संशय घ्यावा असा नाही. पण चांगला अभ्यासक्रम आणि टिकाऊ संस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या प्रकरणाने दाखवून दिलं. मुंबई विद्यापीठाला संलग्न कॉलेज उद्या बंद झालं तर मुलांना दुसऱ्या कॉलेजात सामावून घेण्याची जबाबदारी कुणावर तरी असते. स्वतंत्र संस्थेच्या बाबतीत पालक पावती घेऊन कुणाच्या दारात जाणार? फार तर अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात.

स्टुडिओला काय लागतं

गेम बनवणं हे चार-पाच वेगळ्या कारागिरांचं काम आहे, जसं घर बांधताना गवंडी, सुतार, वायरमन वेगळे असतात. प्रोग्रामर कोड लिहितो. आर्टिस्ट पात्रं, झाडं, इमारती घडवतो. डिझायनर नियम ठरवतो : खेळणाऱ्याला कुठे जिंकू द्यायचं, कुठे अडवायचं. टेस्टर एकच टप्पा शंभर वेळा खेळून चुका शोधतो, आणि हे वाटतं तितकं मजेचं नाही. 'गेमिंग' नावाच्या अभ्यासक्रमात पुष्कळदा हे सगळं थोडं-थोडं शिकवतात. तीन वर्षांनी मुलाला सगळ्यातलं थोडं येतं आणि नोकरी देणाऱ्याला एकातलं भरपूर हवं असतं.

प्रोग्रामर व्हायचं असेल तर गणित टाळता येत नाही. पात्राने उडी मारली, गोळी भिंतीवर आदळून वळली, कॅमेरा मागून फिरला, या प्रत्येकात व्हेक्टर, मॅट्रिक्स आणि त्रिकोणमिती आहे. सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर एका चित्रासाठी संगणकाला 16 मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. तेवढ्यात सगळं बसवायचं, तेही स्वस्तातल्या मोबाइलवर. हे कसब डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, कॉम्प्युटर ग्राफिक्स अशा रूक्ष वाटणाऱ्या विषयांतून येतं आणि ते संगणक अभियांत्रिकीत शिकवतात. युनिटीसारखं इंजिन वापरायला शिकवणं हे त्यामानाने सोपं काम. ते घरी बसूनही शिकता येतं. युनिटीची प्राथमिक आवृत्ती फुकट आहे, अनरिअल शिकायला पैसे लागत नाहीत, गोडॉट आणि ब्लेंडर तर पूर्ण मोफत. गोडॉट इतकं हलकं आहे की जुन्या लॅपटॉपवरही चालतं.

मग जे फुकट मिळतं त्यासाठी लाखो भरायचे का, हा प्रश्न प्रत्येक पालकाने समुपदेशकाच्या तोंडावर विचारावा. चांगल्या संस्थेकडे उत्तर असतं : सोबतीला टीम मिळते, चुका दाखवणारा अनुभवी माणूस मिळतो, ठरलेल्या तारखेला गेम पूर्ण करायची सवय लागते. हे खरंच मोलाचं आहे. उत्तरात नुसती सॉफ्टवेअरची नावं आणि एसी लॅब आली, तर समजून घ्यावं.

इंग्रजीचा मुद्दाही उगाच टाळला जातो. इंजिनांची कागदपत्रं इंग्रजीत, परदेशी स्टुडिओशी बोलणं इंग्रजीत. मराठी माध्यमातला मुलगा कोडमध्ये कमी पडत नाही, मुलाखतीत गप्प बसतो. चार वर्षांच्या पदवीत ही भीड मोडायला वेळ मिळतो, एका वर्षाच्या क्रॅश कोर्समध्ये मिळत नाही.

चित्र काढणाऱ्या मुलांचा रस्ता वेगळा. त्यांच्यासाठी मुंबईचं सर जे. जे. अजूनही आहे. 1857 पासूनची संस्था, 2023 मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत डिझाइनची पदवी 'यूसीड' परीक्षेतून मिळते, बारावीच्या कुठल्याही शाखेची मुलं ती देऊ शकतात. आपल्याकडे इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवणारी मुलं दर गावात निघतात, पण यूसीडचं नाव किती शाळांत सांगितलं जातं, हा स्वतंत्र विषय आहे.

नोकऱ्या कुठे आहेत

लुडो किंगसारखी कंपनी सोडली तर नवी मुंबईत गेम स्टुडिओंची गर्दी नाही. राज्यात हे काम जास्त करून पुण्यात आणि मुंबईत आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने 2020 मध्ये 'राजी' हा भारतीय पुराणकथांवरचा गेम आणला आणि त्याला जागतिक 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालं. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ऑक्टोबर 2024 मध्ये 'इंडस' आणला. दोन्ही अभिमानाच्या गोष्टी.

पण याच शहरांत दुसरी बाजूही दिसली. फ्रान्सच्या युबीसॉफ्टने 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या एका गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंना दिली, सप्टेंबर 2020 मध्ये जाहीरही केली. भारतातल्या स्टुडिओकडे एवढं मोठं काम आल्याचा तेव्हा गाजावाजा झाला. मे 2022 मध्ये ते काम मॉन्ट्रियलला हलवलं गेलं आणि जानेवारी 2026 मध्ये कंपनीने तो प्रकल्पच रद्द केला. जगभर हीच हवा आहे. जानेवारी 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने गेमिंग विभागातून 1,900 माणसं कमी केली, पुढच्याच महिन्यात सोनीने 900. म्हणून 'शंभर टक्के प्लेसमेंट' असं कुणी म्हटलं की मागच्या वर्षीच्या मुलांपैकी दहा जणांची नावं, कंपनी आणि हुद्दा मागावा. त्यात गेम स्टुडिओ किती आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे किती, ते आपोआप दिसेल.

सरकारी पाट्या येत आहेत, पण

इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही केंद्राची नवी संस्था मुंबईत जुलै 2025 मध्ये पेडर रोडच्या एनएफडीसी आवारात सुरू झाली. कायमचा कॅम्पस गोरेगावच्या फिल्मसिटीत दहा एकरांवर व्हायचा आहे. गुगल, ॲडोबी, एनव्हिडिया अशा कंपन्यांचं सहकार्य जाहीर झालं आहे. 2026 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात याच संस्थेच्या मदतीने 15,000 माध्यमिक शाळा आणि 500 कॉलेजांत कंटेंट क्रिएटर लॅब उभ्या करण्याची घोषणा झाली. विमानतळाजवळच्या एज्युसिटीत परदेशी विद्यापीठं आणण्याची तयारीही चालू आहे.

यातलं काहीही आज बारावी पास झालेल्या मुलाच्या प्रवेशाचा आधार होऊ शकत नाही. नवी संस्था पहिल्या काही बॅचमध्ये स्वतःच शिकत असते. रायगडच्या दृष्टीने खरा प्रश्न त्या 500 कॉलेजांच्या यादीचा आहे. त्यात पनवेल-खारघरची चार नावं येतील आणि महाड, श्रीवर्धन, मुरूडच्या वाट्याला काही येणार नाही, असं होऊ नये म्हणून लोकप्रतिनिधींनी आत्ताच पत्रव्यवहार करायला हवा. शाळांचंही तेच. पेणला शासकीय तंत्रनिकेतन आहे, लोणेरेला विद्यापीठ आहे. अशा जागी लॅब झाली तर मुलाला नेरुळला खोली घ्यावी लागणार नाही. जानेवारी 2024 मध्ये लोकल उरणपर्यंत आली आणि तिथल्या मुलांचा खोलीचा खर्च वाचला. दक्षिण रायगडला तेवढंही मिळालेलं नाही.

कॉलेज बघायला जाताना

जायचंच असेल तर सुट्टीच्या दिवशी नको, वर्ग चालू असताना जावं. मागच्या बॅचने बनवलेले गेम मोबाइलवर किंवा संगणकावर लावून मागावेत आणि मुलाला तिथेच खेळू द्यावेत. व्हिडिओ दाखवला तर तो गेम नव्हे. शिकवणाऱ्याने स्वतः कुठला गेम बाजारात आणला ते विचारावं. 'दोनच सीट उरल्यात, आज भरलं तर डिस्काउंट' असं ऐकू आलं की चहा घेऊन निघावं. मूळ दाखले कुणाकडेही ठेवू नयेत, यूजीसीनेच कॉलेजांना ते अडवून ठेवायला मनाई केली आहे. फी परत मिळण्याचा नियम लेखी घ्यावा. मान्यताप्राप्त कॉलेजांना तो बंधनकारक असतो, क्लासला नसतो.

आणि प्रवेशाच्या आधी, निकालाच्या वाट पाहण्याच्या दिवसांतच, मुलाची परीक्षा घरी घेता येते. त्याने गोडॉटमध्ये एक अगदी छोटा गेम पूर्ण करून दाखवावा. गोट्यांचा असो, विटीदांडूचा असो. अर्धवट सोडला तर त्याला गेम खेळायला आवडतात, बनवायला नाही, आणि हे कळायला फी लागली नाही. पूर्ण केलाच तर गुगल प्लेवर खातं उघडायला एकदाच 25 डॉलर लागतात. नव्या वैयक्तिक खात्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्यापूर्वी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ते 12 जण गावातले मित्र असले तरी चालतात.